डावा हात

वेंडेलबाची म्हणायचे, आधी बघ.
फेकायचं नंतर.

राबा नदीकाठचं मैदान, पॉप्लरची रांग,
जाळीच्या पिंजऱ्याबाहेर बियरच्या क्रेटवर ठेवलेला कॅमेरा
आणि मी, सोळा वर्षांची,
हाताला खडू, तोंडाला कुलूप नाही.

"काय दिसलं?"
"एमेशेनं झकास फेकला."
"झकास म्हणजे किती अंश?"

मग शिकले गप्प बसायला.
डाव्या पायाची टाच वळते, मग चवडा,
उजवा पाय उचलला जातो, गुडघ्याला गुडघा घासत
पुन्हा जमिनीला लागतो.
दोन्ही पाय टेकलेत तेवढ्यातच काय तो वेग वाढतो.
एका पायावरची गिरकी म्हणजे नुसता प्रवास,
तिथे कमाई नाही.

चार किलोचा गोळा, तारेच्या टोकाला.
शेवटच्या गिरकीत तो तीन माणसांएवढा ओढतो,
आणि तू एकटी. म्हणून मागे रेल, चेंगे,
खुर्ची नाही तिथे खुर्ची आहे असं समजून बस.
हातांनी ओढलंस तर त्रिज्या आखडेल.
हात म्हणजे दोऱ्या.
दोऱ्यांनी मतं मांडायची नसतात.

रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात, पेपरिकाच्या वासात,
एकेक चौकट पुढे सरकायची.
"ही बावीसावी. इथे मान फिरवलीस.
डोकं गेलं की खांदा गेला, खांदा गेला की कंबर.
थोरलं माणूस उठलं की अख्खी पंगत उठते, तसं."
आणि गोळा सुटतो तो गोल जात नाही,
स्पर्शिकेवरून सरळ जातो,
गोफणीतला दगड जातो तसा.
त्याला वर्तुळाची आठवण नसते.

त्या वर्षी गावात कुणी नुसतं चालेना.
बेकरीतल्या इलोनाचा उजवा खांदा ट्रे वाहून दोन बोटं खाली,
पोस्टमन सायकलवरून उतरताना
खुब्याला विचारून उतरायचा,
चर्चच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या
आपापला गुरुत्वमध्य
पिशवीसारखा सांभाळत.
आई म्हणाली, लोकांकडे असं बघू नये.

सप्टेंबर. माझा फेक चौपन्न मीटर.
गोळा आणायला बाची स्वतः निघाले,
टेप काखेत, ओल्या गवतातून.
कॅमेरा बंद करायचा राहिला होता.

रात्री माझी गिरकी बघायला बसले
आणि त्यांचं चालणं बघत राहिले.
उजवा हात पुढे-मागे, घड्याळाच्या लंबकासारखा.
डावा नुसता लटकलेला,
कुणी विसरून गेलेल्या कोटाच्या बाहीसारखा.
अंगठा तर्जनीवर काहीतरी चोळत होता,
जे तिथे नव्हतं.
मागच्या वर्षीची फीत काढली, शेजारी ठेवली.
तेव्हा दोन्ही हात सारखे.
एकेक महिना मागे गेले.
डिसेंबर ठीक. जानेवारी ठीक.
मग एक दुपार, बर्फ वितळलेलं, आणि तो हात थोडा उशिरा.

बघायला त्यांनी शिकवलं होतं.
सांगायचं कसं, हे त्या वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीतून नेहमीचा प्रश्न,
"काय दिसलं?"
मी खडू दोन्ही तळव्यांना फासत राहिले, गरजेपेक्षा जास्त.
"डावा हात, बाची."
"माझ्यावर आरोप? हात दोऱ्या असतात."
"तुमचा डावा. चालताना.
उजवा तीस अंश जातो. डावा चार."

पॉप्लरची पानं उलटी होऊन परत सुलटी झाली.
पिंजऱ्याची जाळी वाऱ्यावर किणकिणली.
ते आपल्या हाताकडे बघत होते,
दुसऱ्याच कुणाच्या फेकीकडे बघावं तसे.

"कधीपासून?"
"फेब्रुवारी."
"मी एप्रिल धरला होता," ते म्हणाले,
आणि वही उघडून
माझ्या मीटरांच्या खाली, बारीक अक्षरात,
आधीच लिहिलेली तारीख खोडून दुरुस्त केली.